बारा वर्षांचा ग्रँडमास्टर, तेरा वर्षांची राष्ट्रीय विजेती

८, ९ आणि २२ डिसेंबर २००५. पहिल्या तारखेला ताश्कंदमध्ये जावोखिर सिंदारोव जन्मला, दुसऱ्या तारखेला नागपुरात दिव्या देशमुख आणि तिसऱ्या तारखेला नागपूरचाच रौनक साधवानी. ही तिन्ही मुलं बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाली. तेव्हा सिंदारोवचं वय १२ वर्षं १० महिने होतं, रौनकचं १३ वर्षं ९ महिने आणि दिव्याचं १९ वर्षं ७ महिने. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात पावणेसात वर्षांचं अंतर आहे. आता पुढचं पाहा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला दिव्यानं महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. त्याआधी तिच्या नावावर या किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाची स्पर्धेतली कामगिरी, नव्हता. चार महिन्यांनी गोव्यात सिंदारोवनं विश्वचषक जिंकला. दोघंही तेव्हा एकोणीस वर्षांची. रौनक या दोघांच्या मधल्या वयात ग्रँडमास्टर झाला, २६०० रेटिंगच्या पुढेही गेला, पण एवढा मोठा चषक अजून त्याच्या हाती आलेला नाही.

तिघांचा जन्म एका पंधरवड्यातला. तिघांनाही सारखेच संगणक आणि साधारण सारख्याच स्पर्धा मिळाल्या. तरीही ‘कितव्या वर्षी ग्रँडमास्टर’ या आकड्यावरून पुढचं काही सांगता आलं नसतं. मग १९७६ सालच्या एखाद्या मुलीची आणि २०१९ सालच्या एखाद्या मुलाची तुलना याच आकड्यानं कशी करायची?

हा प्रश्न पुस्तकी नाही. ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीत शनिवार-रविवारच्या स्पर्धा असतात. आत मुलं खेळत असतात आणि बाहेर खुर्च्यांवर आईवडील हेच आकडे बोलत असतात. अमका बाराव्या वर्षी झाला, तमकी पंधराव्या वर्षी झाली, आपल्या मुलाला दहावं सरलं आणि रेटिंग अजून १४५०. या बोलण्यामुळे काही मुलांचं बुद्धिबळ लवकर सुटतं आणि काहींच्या मागे नको इतका तगादा लागतो. म्हणून हे आकडे नीट वाचायला हवेत. माझं म्हणणं असं, की किताबाच्या वयात खेळाडूपेक्षा त्याच्या काळाचा हिस्सा मोठा असतो. वेगवेगळ्या काळांतली मुलं शेजारी उभी करायची तर दोन गोष्टी पाहाव्या लागतील. ते मूल आपल्या बरोबरीच्यांच्या किती पुढे होतं, आणि तिथवर पोचायला त्या काळात काय काय लागत होतं.

विक्रमाची घसरगुंडी

आधी प्रसिद्ध आकडे. बॉबी फिशर १९५८ मध्ये १५ वर्षं ६ महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. हा विक्रम ३३ वर्षं टिकला. १९९१ मध्ये हंगेरीच्या युडिट पोल्गारनं तो १५ वर्षं ४ महिन्यांवर आणला. त्यानंतर पीटर लेको (१९९४, १४ वर्षं ४ महिने), एतिएन बाक्रो (१९९७, १४ वर्षं २ महिने), रुसलान पोनोमारियोव (१९९७, नुकतीच चौदा पूर्ण), बू शियांगझी (१९९९, १३ वर्षं १० महिने) आणि सर्गेई कार्याकिन (२००२, १२ वर्षं ७ महिने). म्हणजे अकरा वर्षांत विक्रम सहा वेळा मोडला. मग १९ वर्षं शांतता, आणि २०२१ मध्ये भारतीय आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या अभिमन्यू मिश्राची १२ वर्षं ४ महिने २५ दिवस.

फिशरपासून मिश्रापर्यंत ६३ वर्षांत विक्रम तीन वर्षं एका महिन्यानं खाली आला. मुलं तेवढ्यानं हुशार झाली का? १९७२ मध्ये सगळ्या जगात मिळून ८८ ग्रँडमास्टर होते आणि त्यांतले ३३ सोव्हिएत संघाचे. आज हा किताब मिळवलेल्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. दिव्या देशमुख ही एकट्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. एके काळी साऱ्या जगाची जी संख्या होती, ती एका देशानं गाठली आहे. गट वीसपट मोठा झाला, की त्यातलं सर्वांत लहान वय आपोआप खाली येतं. त्यासाठी सरासरी खेळाडूनं लवकर पिकायची गरज नसते. विक्रम म्हणजे गर्दीचं टोक, आणि गर्दी वाढली की टोक पुढे सरकतं.

या आठ विक्रमवीरांपैकी निर्विवाद जगज्जेता झाला तो एकटा फिशर. पोनोमारियोवनं अठराव्या वर्षी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा बाद पद्धतीचा जागतिक किताब घेतला, पण तेव्हा जगज्जेतेपद दुभंगलेलं होतं. लेकोनं आव्हानवीर म्हणून लढत बरोबरीत सोडवली, पण किताब मिळाला नाही; कार्याकिन आव्हानवीर होऊन हरला. मिश्राचं वय अजून लहान आहे, त्याचा हिशेब आज मांडायला नको. उलट गॅरी कास्पारोव सतराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि विश्वनाथन आनंद अठराव्या. मॅग्नस कार्लसन तेराव्या वर्षी झाला, पण विक्रम त्याच्याही नावावर कधी नव्हता. डी. गुकेश १२ वर्षं ७ महिने १७ दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला. कार्याकिनचा विक्रम १७ दिवसांनी हुकला. डिसेंबर २०२४ मध्ये तोच गुकेश अठराव्या वर्षी इतिहासातला सर्वांत तरुण निर्विवाद जगज्जेता झाला. ते सतरा दिवस आज कुणी मोजतं का?

आपल्या भागातल्या माणसाला हे एका उदाहरणानं पटेल. कल्याणहून सीएसएमटीला जलद लोकल साधारण तासाभरात पोचवते, धिमी दीड तास घेते. ‘मी तासात पोचलो’ असं कुणी सांगितलं, तर आपण आधी विचारतो, कोणती गाडी? ग्रँडमास्टरच्या वयाबद्दल मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गाडीच नसलेला काळ

ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि साधारण तीन नॉर्म लागतात. आजच्या नियमांत नॉर्म म्हणजे किमान नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३८० तरी हवी, त्यांत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत, आणि परदेशी खेळाडूंची अट वेगळी. पूर्वी तपशील थोडे निराळे होते, सांगाडा हाच होता.

आता १९८६ सालच्या भारतात या. ग्रँडमास्टर शून्य. नॉर्मसाठी लागणारे तिन्ही ग्रँडमास्टर परदेशी असायला हवेत. म्हणजे एकतर त्यांना इथं आणा किंवा तुम्ही विमानाचं तिकीट काढा. रेटिंगची यादी वर्षातून दोनदा निघायची, महिन्याला निघू लागली ती जुलै २०१२ पासून. मुंबईचे प्रवीण ठिपसे याच काळातले. जन्म ऑगस्ट १९५९. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८२ मध्ये, त्यानंतर आणखी सहा. १९८४ मध्ये अर्जुन पुरस्कार. १९८५ मध्ये लंडनला राष्ट्रकुल स्पर्धेत संयुक्त विजेतेपद. ग्रँडमास्टर किताब १९९७ मध्ये, वय अडतिशीच्या आसपास. देशात अव्वल ठरल्यापासून किताबापर्यंत पंधरा वर्षं. नुसतं वय पाहिलं तर ठिपसे रौनकच्या चोवीस वर्षं मागे दिसतात, आणि तसा निष्कर्ष काढणं म्हणजे त्या पंधरा वर्षांचा अपमान आहे.

हेच अंतर पुढच्यांमध्ये मोजा. पुण्याचा अभिजित कुंटे १९९७ मध्ये विसाव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला आणि २००० मध्ये ग्रँडमास्टर. तीन वर्षं. नाशिकचा विदित गुजराथी २००८ मध्ये चौदा वर्षांखालील जगज्जेता होता, जानेवारी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला; तो मुलगाच होता म्हणून ही सवाचार वर्षं वाढीची धरायची. रौनकच्या बाबतीत असं अंतर मोजायला जागाच उरत नाही. मोठ्यांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवायच्या आधीच किताब हातात.

देशाच्या पातळीवर पाहिलं तर चित्र आणखी उघड होतं. आनंद १९८८, दिब्येंदू बारुआ १९९१, ठिपसे १९९७, कुंटे २०००. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत बारा वर्षं. गुकेश जानेवारी २०१९ मध्ये ५९ वा झाला, रौनक त्याच वर्षी ऑक्टोबरात ६५ वा. सहा नवे ग्रँडमास्टर नऊ महिन्यांत. महाराष्ट्रातले सहा टप्पे या कोष्टकात पाहा.

| खेळाडू | गाव | टप्पा | वय | तेव्हा भारतातले ग्रँडमास्टर |
|---|---|---|---|---|
| रोहिणी खाडिलकर | मुंबई | राष्ट्रीय महिला विजेती, १९७६ | १३ | ० |
| प्रवीण ठिपसे | मुंबई | ग्रँडमास्टर, १९९७ | ३७-३८ | ३ |
| अभिजित कुंटे | पुणे | ग्रँडमास्टर, २००० | २३ | ४ |
| विदित गुजराथी | नाशिक | ग्रँडमास्टर, २०१३ | १८ | सुमारे ३० |
| रौनक साधवानी | नागपूर | ग्रँडमास्टर, २०१९ | १३ | ६५ |
| दिव्या देशमुख | नागपूर | ग्रँडमास्टर, २०२५ | १९ | ८८ |

चौथा आणि पाचवा रकाना एकत्र वाचायचे. ठिपसे ते रौनक या क्रमात पाचव्यातला आकडा चढला की चौथ्यातला उतरतो. या उतरंडीत न बसणाऱ्या दोनच ओळी आहेत, पहिली आणि शेवटची. दोन्ही मुलींच्या.

साडेअकरा गुण

रोहिणी खाडिलकर यांच्याकडे मला थोडं थांबायचं आहे, कारण महाराष्ट्रातल्या बालप्रतिभांच्या गप्पांत त्यांचं नाव आज फार मागे पडलं आहे.

‘नवाकाळ’चे तेव्हाचे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती वासंतीनं जिंकली. पुढे जयश्रीनं चार वेळा आणि रोहिणीनं पाच वेळा. एका घरात दहा राष्ट्रीय विजेतेपदं. जयश्री १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, हा किताब मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. रोहिणीचा जन्म १ एप्रिल १९६३ चा. १९७६ मध्ये तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिथं तिनं तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. त्यांत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे होते, १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते. एका मुलीनं पुरुषांत खेळण्यावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स ऑयवे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून रोखता येणार नाही.

आज बारा वर्षांच्या मुलानं नॉर्म मिळवायचा तर त्याला भक्कम खेळ, पैसा आणि स्पर्धांचं वेळापत्रक लागतं. अभिमन्यू मिश्रा त्यासाठी काही महिने बुडापेस्टला राहून एकामागून एक स्पर्धा खेळला. तेरा वर्षांच्या रोहिणीला पटावर बसण्याचा हक्क आधी मिळवावा लागला. वयाच्या रकान्यात ही गोष्ट कुठंच दिसत नाही.

आता पटावरचं माप. नोव्हेंबर १९८१ मध्ये हैदराबादला झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत रोहिणीनं १२ पैकी साडेअकरा गुण मिळवले. अकरा विजय, एक बरोबरी. टक्केवारी ९५.८. रेटिंग ज्या एलो पद्धतीनं काढतात, तिच्यात मिळवलेल्या गुणांच्या टक्केवारीवरून प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीपेक्षा खेळाडू किती वर होता, ते काढण्याचा तक्ता असतो. ६४ टक्के गुण म्हणजे साधारण १०० रेटिंगचं अंतर, ७६ टक्के म्हणजे २००, ९२ टक्के म्हणजे ४००. ९६ टक्क्यांसमोर या तक्त्यात ५०१ आहे. म्हणजे त्या बारा डावांपुरती रोहिणी समोरच्या मैदानाच्या पाचशे रेटिंग पुढे खेळली.

याच तक्त्यात इतर कामगिऱ्या बसवून पाहू. दिव्यानं २०२४ ची जागतिक ज्युनिअर मुलींची स्पर्धा ११ पैकी १० गुणांनी जिंकली. ९०.९ टक्के, म्हणजे ३८३. त्याच वर्षीच्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ. ८६ टक्के, ३०९. विदितनं २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस ११ पैकी साडेआठ गुणांनी जिंकली. ७७ टक्के, २११.

तर मग ५०१ वाली सर्वांत मोठी आणि २११ वाला सर्वांत लहान? अर्थातच नाही. विदितसमोर जगातले सर्वोत्तम खेळाडू होते, आणि त्या मैदानापेक्षा दोनशे पुढे खेळणं ही विलक्षण गोष्ट आहे. १९८१ च्या आशियाई मैदानात सोव्हिएत संघाच्या खेळाडू नव्हत्या, आणि तेव्हाच्या महिला बुद्धिबळाची खरी सत्ता तिथंच होती. जॉर्जियाची माया चिबुर्दानिद्झे रोहिणीहून फक्त दोन वर्षांनी मोठी. ती १९७८ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली होती. तिच्यामागे सोव्हिएत प्रशिक्षणाची पूर्ण यंत्रणा होती, जॉर्जियातच नोना गाप्रिंदाश्विलीसारखी आधीची जगज्जेती होती. रोहिणीकडे सरावाला दोन बहिणी होत्या. म्हणून ५०१ चा अर्थ एवढाच घ्यायचा, की तिला जे मैदान मिळालं, त्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. तिला आणखी वरचं मैदान वेळेवर आणि पुरेसं मिळालं असतं तर? हा प्रश्न मला दिव्याचा प्रत्येक विजय पाहताना पडतो.

या मापाची एक कमजोरीही सांगायला हवी. त्या बारांपैकी एक जिंकलेला डाव रोहिणी हरली असती, तर गुण साडेदहा आणि टक्केवारी ८७.५ झाली असती आणि तक्त्यातलं अंतर ५०१ वरून साधारण ३३६ वर आलं असतं. एका डावानं दीडशेहून जास्त रेटिंगचा फरक. बारा डाव हा फार लहान नमुना आहे. होसे राउल कापाब्लांकाची गोष्ट हेच सांगते. १९०१ मध्ये, तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्यानं क्यूबाचा अग्रगण्य खेळाडू हुआन कोर्सो याला चार विजय, तीन पराभव आणि सहा बरोबऱ्या असं हरवलं. तेरापैकी सात गुण, म्हणजे अंतर तीसच्याही आत. काही महिन्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत तोच मुलगा चौथा आला आणि कोर्सोकडून दोन्ही डाव हरला. पहिल्या निकालावर पुस्तकांतून कौतुकाचा पाऊस पडला आहे. दुसरा फारसा कुणाला आठवत नाही.

घरातल्या मुलाचं रेटिंग

आता ठाणे-डोंबिवलीच्या घरात येऊ. रेटिंग हा आकडा मुलागणिक वेगळा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण आकड्याची पट्टीच बदलत आली आहे, हे लक्षात घेतलं जात नाही. अनेक वर्षं पुरुषांसाठी फिडेच्या यादीत २२०० च्या खाली रेटिंगच नव्हतं. म्हणजे १९८५ मध्ये ठाण्यातला १६०० च्या ताकदीचा शाळकरी मुलगा कागदावर अस्तित्वातच नव्हता. पुढे तळ खाली खाली येत २०१२ मध्ये १००० वर पोचला. मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा १४०० वर नेला गेला, आणि २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वाढवलं गेलं. २००० मधून जुनं रेटिंग वजा करायचं आणि उत्तराच्या ४० टक्के भर जुन्या रेटिंगमध्ये घालायची. १००० चे १४०० झाले, १५०० चे १७००, १८०० चे १८८०.

याचा घरगुती परिणाम पाहा. समजा डोंबिवलीतल्या एका घरात थोरल्याचं रेटिंग २०१९ मध्ये, दहाव्या वर्षी, १०८३ होतं. धाकटीचं आज दहाव्या वर्षी १४५० आहे. घरात सगळे म्हणतात, धाकटी साडेतीनशेनं पुढे. पण १०८३ ला वरचा हिशेब लावला तर येतात १४५०. दोघं एकाच जागी उभी आहेत.

दुसरा बदल ‘के’ या गुणकाचा. एका डावानं रेटिंग किती हलायचं, ते हा गुणक ठरवतो. २०१४ पासून अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या प्रत्येक मुलासाठी तो ४० आहे. ३० डाव पूर्ण केलेल्या आणि २४०० पर्यंतच्या मोठ्या माणसासाठी २०. पूर्वी तोच १५ होता. समजा कल्याणच्या १६०० च्या मुलीनं १८०० च्या खेळाडूला हरवलं. अपेक्षा ०.२४ गुणांची होती, मिळाला एक, फरक ०.७६. चाळीसनं गुणलं की ३०.४ ची वाढ. तिच्या वडिलांचंही रेटिंग १६०० असेल आणि त्यांनी हाच विजय मिळवला, तर १५.२. जुन्या १५ च्या गुणकानं ११.४. तीच चाल, तोच विजय, वाढ जवळजवळ तिप्पट. म्हणून आजच्या मुलांचा आलेख उभा चढलेला दिसतो, आणि म्हणूनच तो तितक्याच वेगानं कोसळतोही. ही मुलगी १४०० च्या मुलाकडून हरली तर त्याच हिशेबानं ३०.४ जातात. वाईट शनिवार-रविवारी साठ-सत्तर रेटिंग गेलं, तर त्यात मुलीचा खेळ बिघडलाच असेल असं नाही; गुणकच तसा आहे.

आणि शनिवार-रविवारच्या बऱ्याच स्थानिक स्पर्धा रॅपिडच्या असतात, साठ मिनिटांच्या आतल्या. त्यांचं रेटिंग वेगळं. नॉर्म आणि किताब यांचा हिशेब चालतो तो क्लासिकल डावांवर. दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद अशा वेळेचा डाव चार तासांपर्यंत जाऊ शकतो. दिवसाला दोन असे नऊ डाव खेळायचे तर चार-पाच दिवस लागतात आणि आठवड्याची शाळा बुडते. स्पर्धा मुंबईच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतचे ४८ किलोमीटर रोज दोनदा. ठिपशांच्या पिढीला परदेशी स्पर्धा दुर्मीळ होत्या. आजच्या डोंबिवलीकर मुलाला क्लासिकल डाव दुर्मीळ आहेत, म्हणजे शाळा, क्लास आणि गर्दीची लोकल सांभाळून खेळता येण्याजोगे. दोन मुलांची तुलना करताना वयाच्या जागी ‘आजवर किती क्लासिकल डाव’ हा आकडा ठेवला, तर बरेच गैरसमज जागीच मिटतील.

जन्ममहिन्याचाही विचार करा. वयोगट १ जानेवारीला धरून ठरतात, त्यामुळे जानेवारीतलं मूल आणि डिसेंबरातलं मूल एकाच गटात बसतं. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ अकरावा हिस्सा. दिव्याचा जन्म ९ डिसेंबरचा. २०१४ मध्ये डरबनला ती दहा वर्षांखालील जगज्जेती झाली, तेव्हा तिचं वय होतं ८ वर्षं ९ महिने, आणि त्याच गटात जानेवारी २००४ मध्ये जन्मलेल्या, पावणेदोन-दोन वर्षांनी मोठ्या मुली खेळू शकत होत्या. नुसतं ‘दहा वर्षांखालील विजेती’ असं लिहिलं, की त्या कामगिरीचा मोठा भाग वाचकाच्या हातून निसटतो.

शेवटचा हिशेब लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती सुमारे १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. दोन्ही मिळून तीस लाखांवर. भारतात आज साधारण दीड कोटी लोकांमागे एक ग्रँडमास्टर पडतो. महाराष्ट्र बराच पुढे आहे. इथले डझनभरच धरले, तरी २०११ च्या सव्वाअकरा कोटींत ९५ लाखांच्या आत एक. या दरानं ठाणे आणि कल्याण-डोंबिवली मिळून वाट्याला येतो एक-तृतीयांश ग्रँडमास्टर. म्हणजे फेरी संपण्याची वाट पाहत बसलेले आईवडील ज्या मापानं मुलाला मोजतात, ते माप तीन अशा जोडशहरांतून एखाद्यालाच लागू पडतं. कोष्टकातला गावांचा रकानाही पाहा. मुंबईनंतर पुणे, नाशिक, नागपूर. आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी पाच वेळची राष्ट्रीय विजेती सांगलीची. मुंबईच्या जवळ राहिल्यानं बुद्धिबळ आपोआप येत नाही. जिथं एखाद्या प्रशिक्षकानं किंवा मंडळानं वर्षानुवर्षं मुलं बसवली, तिथं ते रुजलं. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी हे दाखवून दिलं आहे.

आपल्याकडच्या स्पर्धांच्या आयोजकांकडे माझी एक मागणी आहे. निकालपत्रकात मुलाचं नाव, गुण आणि क्रमांक छापता, त्याबरोबर वय वर्षं-महिन्यांत, त्या दिवसापर्यंतच्या क्लासिकल डावांची संख्या आणि या स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी हे तीन आकडे छापा आणि ती पत्रकं जपून ठेवा. खर्च कागदाच्या एका पानाचा. रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षापर्यंत किती डाव खेळली, कुणाशी खेळली, हे आज असंच एखाद्या तक्त्यात हाती असतं, तर तिची आणि दिव्याची तुलना पाच ओळींत झाली असती. २०६५ मध्ये ठाण्याच्या एखाद्या मुलीची तुलना आजच्या मुलीशी करायला कुणी बसेल. त्याच्यासाठी ते पान आजच लिहून ठेवायला हवं.